नावं ठेवणारी

तांडापेठेत सगळे म्हणायचे,
गुंफाबाई हेडाऊ लय नावं ठेवते.
खोटं नव्हतं ते.
कूलरचं नाव तिनं ठेवलं होतं जावईबापू.
'वर्षातून दोन मयने येते, खिडकीत बसते,
बादल्याच्या बादल्या पाणी पेते,
अन् आवाज पाहा, अन् हवा पाहा.'

खरे जावई, देवळीचे आतोबा,
त्याच कूलरपुढे बनियनवर बसून
टरबुजाच्या बिया थुंकत विचारायचे, 'कोण जावईबापू?'
'तुमी नाही जी, दुसरे.
ते थोडेतरी कामाचे आहेत.'

लाइटीचं नाव नवी सून:
हाक मारली की गायब.
आत आई पातेलं आपटायची.
आजी म्हणायची, 'हे पाय, आली.'

नवतप्यातल्या सूर्याची तिला दया यायची.
'बायको रुसून गेली त्याची. घरी कोणी जेवाले वाढत नाही,
म्हणून सात वाजले तरी हिंडून रायला बिचारा.'

मेयोत डॉक्टरनं विचारलं, आजी, वय किती?
'लिही पोट्ट्या तुले जमते तेवढं,
मले का आता लगन करा लागते?'
त्यानं पासष्ट लिहिलं.
बाहेर येऊन रिक्षात बसताना म्हणाली,
'गोड पोट्टा आहे. हिशोबात कच्चा.'

रात्रीच्या खोकल्याचं नाव गुरखा.
दोन बारके ठसके, मग एक लांब.
'पगार नाही मागत, रातभर गस्त घालते.'
आम्ही पोरं गच्चीवर ओल्या चादरीत
तो ऐकत झोपायचो. चोर कधी आला नाही.

माग मोडून लाकडाच्या भावात विकला,
त्या दिवशी मात्र तिनं कशालाच नाव ठेवलं नाही.
सातव्या वर्षापासून कांड्या भरल्या होत्या तिनं त्याच्यासाठी.
जमिनीत मागाचा खड्डा तेवढा राहिला.
त्यात पाय सोडून बसली दुपारभर.
आबाजी आले, गेले, बोलले नाहीत.
दिवेलागणीला तिथूनच तिचा आवाज आला:
'स्विमिंग टँक भेटला बाप्पा फुकटात.
पाणीच काय ते याचं आहे.'
आबाजी तेव्हा हसले की काय,
अंधारात मला नीट दिसलं नाही.

ती गेली नवतप्याच्या चौथ्या दिवशी.
घर बायांनी भरलं. कोणी तरी कूलर बंद केला,
कोणी तरी चालू केला, पुन्हा बंद, पुन्हा चालू.
आतोबा त्याच्यापुढेच, मान खाली.
पंपात कचरा अडकला असेल.
कूलर घसा खाकरून थांबला
आणि पाण्याची चिळकांडी
थेट आतोबांच्या टकलावर.

आधी आत्या हसली.
मग आई, पदराचा बोळा तोंडात कोंबून.
मग सगळ्या बाया, आणि रडणं कुठं संपलं
आणि हसणं कुठं लागलं, ते कोणाला सांगता येईना.
आतोबांनी टक्कल पुसलं नाही.
वीस वर्षांपासून त्यांना माहीत होतं म्हणे
जावईबापू कोण ते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पिवळी मारबत निघाली.
दरवर्षी आजी ओट्यावर उभी राहून
गर्दीपेक्षा मोठ्यानं ओरडायची:
घेऊन जा गे मारबत! ढेकणं घेऊन जा!
लाइटबिल घेऊन जा! देवळीचं घोरणं घेऊन जा!
यंदा ओट्यावर मी.
लोक ओरडत होते, रोगराई घेऊन जा,
मीही ओरडले.
महागाई घेऊन जा. ओरडले.
खोकला घेऊन जा,
आणि माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

मारबत वळली. ढोल पुढे गेले. रस्त्यावर गुलाल, चपला.
मी हळूच म्हटलं, बाकी सगळं ने बाई,
तेवढा गुरखा राहू दे.